नऊ भोकांचं विमान

घाडगेमास्तरांचा पहिला फटका बाबांच्या तोंडावर बसला, तेव्हा बाबा हसत होते.

हसत होते, कारण त्यांना वाटलं, मास्तर शाबासकी द्यायला हात उचलताहेत. चार दिवस बाहेरगावी राहून मास्तर त्याच दुपारी परतले होते. शेडच्या दारात पिशवी टेकवली, सरळ विमानापाशी गेले, पंखावर तळवा फिरवला, पाठीवर फिरवला, पुन्हा पंखावर आणला. बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. बघ आता, असा. त्या पत्र्यात आम्ही बापलेकींनी चार दिवस जीव ओतला होता. त्यात बघून कुंकू लावावं, असा तो उजळला होता. मास्तर वळले, बाबांसमोर येऊन उभे राहिले, हात वर केला, आणि त्या हाताची मूठ झाली.

"भोकं कुठायत?"

बाबांच्या ओठातून रक्ताची धार हनुवटीवर उतरली. त्यांना अजून उमगलं नव्हतं. हात जोडून म्हणाले, "मास्तर, भोकांचं आपण काही घेणार नाही. ते काम आमच्याकडून."

दुसरा फटका कानशिलात बसला. तिसरा बरगडीत. बाबा विमानाच्या पोटावर जाऊन आदळले, आणि तो पोकळ पत्रा देवळातल्या घंटेसारखा घुमला. एक दात फरशीवर पडला, तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा.

मी मोगरी उचलली. मोगरी म्हणजे आमचा बाभळीचा हातोडा, पत्र्याला ओरखडा येऊ नये म्हणून लाकडाचा. दोन्ही हातांनी उचलली आणि मास्तरांच्या उजव्या खांद्यावर हाणली. घाव कुठं, किती आणि कसा घालायचा हे मला बाबांनी शिकवलं होतं. तो माणसावर घालायचा नाही, एवढं शिकवायचं राहून गेलं होतं. काहीतरी कट्‌कन वाजलं. मास्तर गुडघ्यावर आले. मी पुन्हा मोगरी डोक्यावर नेली, तेव्हा बाबाच ओरडले,

"कुंदे! ठेव खाली! गिऱ्हाईक आहे ते!"

आज हसू येतं. तेव्हा गिऱ्हाइकाचा हात खांद्यापासून लोंबत होता.

सत्त्याऐंशी सालचा फेब्रुवारी. साताऱ्याच्या अलीकडे एक बंद पडलेली सूतगिरणी होती, तिच्या शेडमध्ये लहानसं संग्रहालय व्हायचं होतं. भागात घराघरातून फौजेत गेलेली माणसं; त्यांच्या वस्तू, पदकं, पत्रं, आणि मधोमध हे विमान. एकाहत्तरच्या लढाईतलं 'नॅट'. लढाऊ म्हणून सांगितलं नसतं तर खेळण्यातलं वाटावं, इतकं लहानखुरं. चाकं काढून नेलेली, नाक चेपलेलं, शेपटी पिळवटलेली. विश्वस्तांपैकी कुणीतरी म्हणालं, गॅरेजवाले पातळ पत्र्याची चाळण करतील, पुण्याच्या तांबट आळीतून माणूस आणा. म्हणून बाबा आले. भाऊ बँकेत चिकटला होता, म्हणून त्याच्या जागी मी आले. बावीस वर्षांची होते. आळीतल्या बायका भांडी चिंचेनं घासायच्या, कल्हईला हात लावायच्या. ऐरणीसमोर बसलेली मी पहिली. तिथंही बाबांनी उरलंसुरलंच माझ्या हाती दिलं होतं. ह्या विमानाची पाठ आणि पंख हे माझं स्वतःचं, एकटीचं, पहिलं काम.

घाडगेमास्तर विमानदलातून निवृत्त झालेले; संग्रहालयाचं सगळं तेच बघायचे. उड्डाणाआधी विमान तपासायचं, वैमानिकाला बसवून त्याचे पट्टे आवळायचे, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आम्हाला एवढंच म्हणाले होते, "नाक सरळ करा, शेपूट सरळ करा. मी मिरजेला जाऊन येतो." जास्त बोलणारा माणूसच नव्हता. त्यांची पाठ वळल्यावर मजुरांनी साखळदंडानं विमान उचलून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवलं, आणि आम्ही कामाला बसलो.

आता ते फरशीवर बसले होते. मला वाटलं, उठून मला मारतील. ते म्हणाले,

"तांबट, त्या भोकांवर एका माणसाचा जीव टांगला हुता."

बाबांनी तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. "कुणाचा?"

"माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा. हणमंत पिसाळाचा." मास्तर विमानाकडे बघत बोलत होते. "ह्या विमानात सबनीससाहेब हुते. संध्याकाळची वेळ. धूर सोडत, लई खाली आलं विमान, वळखू येईना कुणाचं ते. धावपट्टीच्या कडंला पिसाळाची मशीनगन. ती चालली. मी ऐकली, मी बघितली. विमान टेकलं, थांबलं. शिडी लावून मी वर गेलो, पट्टे सोडले. सकाळी मीच आवळले हुते. साहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर शब्दाच्या जागी रक्तच आलं. कोपरापतुर माझा हात न्हाला. चौकशीत मला इचारलं. मी म्हणालो, माझ्या मेव्हण्यानं मारलं."

"मग?"

"मग काय? शाबीत काय झालं न्हाई. पर गावात आधी बातमी पोचली आन् मग माणूस. विमानपाड्या. बारकी पोरं मागनं वरडायची, विमानपाड्या आला, विमानपाड्या आला. पोरीचं लगीन ठरंना. पंधरा वर्षं माझी बहीण माझ्या दारात आली न्हाई, आन् मी तिच्या न्हाई गेलो." त्यांनी डाव्या हातानं डोळे नाही, नाक पुसलं. "आन् दिवाळीत हे विमान ट्रकवरनं हितं उतरलं. त्या संध्याकाळनंतर मी त्याला उजेडात पयल्यांदा बघितलं. पाठीवर, पंखावर नऊ भोकं. कडा आत वळलेल्या. गोळ्या वरनं आलेल्या, तांबट! दुश्मनाचं विमान वरनं मारून गेलेलं. पिसाळ तर जमिनीवर हुता."

शेडच्या पत्र्यावर कावळे नाचत होते.

"उद्या सकाळी उद्घाटन. साहेबांच्या आईला मिरजंवरनं आणलंय, साताऱ्यात पाव्हण्यांकडं उतरल्यात. पिसाळाला सांगावा धाडलाय. त्या माउलीचं बोट त्या भोकांवर ठिवून चार माणसांत म्हणणार हुतो, मी खोटं बोललो. ह्यो बगा पुरावा."

"मग आम्हाला सांगायचंत, मास्तर."

"तुमी इचारायचं हुतं! भोकं बुजवा म्हणून कुणी सांगितलं तुमाला?"

"भोक बुजवा म्हणून सांगावं लागत नाही," बाबा म्हणाले.

खरंच लागत नाही. गिऱ्हाईक घागरीला धरायचा कान लावून घ्यायला येतं. बुडाला भोक दिसलं, तर कान लावायचाच, भोकही बुजवायचं, त्याचं काही घ्यायचं नाही, आणि सांगायचंही नाही. घरी जाऊन पाणी भरेल तेव्हा त्याला कळेल. फुटकं भांडं तांबटाच्या उंबऱ्यातून फुटकं बाहेर पडत नाही. आजोबांच्या आजोबांपासूनचं हे. नऊ भोकं उघडी ठेवून नाक तेवढं सरळ करायचं, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मी एकेका भोकाची फाटकी कडा ठोकून सपाट केली, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पत्र्याचं ठिगळ बसवलं, भोवती आठ रिबिटी, म्हणजे डोकं चपटवलेले खिळे, मारल्या, कानशीनं घासून रंध्रही दिसू नये असं केलं. हात फिरवला की मी डोळे मिटून हसायचे.

"काढता येतील," मी म्हणाले. "मी उघडते."

मास्तर उत्तर देणार, तेवढ्यात दारातला उजेड गेला.

दारात एक माणूस उभा होता. धोतर, अंगात विटकी फौजी जर्सी, पायात काही नाही, हातात ऊसतोडीचा कोयता. तोडीवरून तसाच आला असावा; पात्यावर उसाचा चिकटा चमकत होता आणि त्यावर माश्या बसत होत्या.

"पाव्हणं," तो म्हणाला, "उद्या कशापायी? आजच दावा."

"हणमंता..."

"पंधरा वर्षं गावानं दावलं. आता मेलेल्याच्या आईला बलावून तिच्यापुढं दावनार? चार मान्सांत? फोटूवाले बलावलं असतील न्हवं?"

"आरं, ऐक..."

"तानीनं पाय धरलं माझं, जाऊ नगा म्हनून. तुझी भन हाय ती. तिला लाथ घालून आलोय मी आज. पंधरा वर्षांत पयल्यांदा तिच्या अंगावर पाय टाकला, तुझ्यापायी!"

आणि तो धावला. मास्तरांनी हात वर करायला पाहिजे होता. उजवा हात उठलाच नाही. तो मी उतरवून ठेवला होता. त्यांनी डावा आडवा घातला. कोयता मनगट आणि कोपराच्या मध्ये बसला. ऊस तुटताना येतो तसा ओला आवाज आला, आणि रक्ताचे थेंब पंखाच्या आरशावर ओळीनं उमटले. दुसरा वार मास्तरांनी अंग चोरल्यामुळं पंखाच्या धारेवर पडला, पातं रुतलं. बाबा पालथे सरपटत आले आणि त्यांनी पिसाळाच्या पायांना मिठी घातली. त्यानं त्यांच्या तोंडावर टाच मारली. आधीच फुटलेल्या तोंडावर. मी पिसाळाच्या पाठीवर झेप घेतली, त्याच्या मानेचा चावा घेतला. घाम, उसाचा रस आणि मीठ. त्यानं मला झटकलं, तशी मी कल्हईच्या शेगडीवर पडले. निखारे दुपारीच विझवले होते म्हणून आज हा चेहरा आहे.

कोयता सुटला. पिसाळानं तो वर नेला.

"दाजी!" मास्तर ओरडले. "वरनं हुत्या! दाजी, गोळ्या वरनं हुत्या!"

कोयता तिथंच थांबला. गोळ्यांमुळं नाही. पंधरा वर्षं ज्यानं नातं लावलं नव्हतं त्या मेव्हण्यानं 'दाजी' म्हटलं, म्हणून.

"काय म्हनलास?"

"तुझी न्हवती गोळी. दुश्मनाची हुती. कडा आत वळल्यात. मी चुकलो. उद्या तेच सांगनार हुतो सगळ्यांपुढं."

पिसाळ धापा टाकत उभा होता. मग हळू म्हणाला, "दाव."

मास्तरांनी पंखाकडे बघितलं.

"कुठं हायती भोकं? दाव की."

तो पंखापाशी गेला. वाकला. मी घासून घासून गोरा केलेला तो पत्रा. त्यावर रक्ताचे थेंब, आणि थेंबांच्या मागं त्याचं तोंड.

"ह्यात तर मीच दिसतोय, पाव्हणं," तो म्हणाला आणि हसला. असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. हसता हसता त्याच्या हातातला कोयता पुन्हा वर जाऊ लागला.

"मी बुजवलीत," मी म्हणाले. "माझ्या हातांनी. मी उघडून दाखवते. नाही दाखवली, तर आधी माझ्यावर घाल."

"तू कोन?"

"तांबटाची लेक."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कपाळाला शेगडीची राख, दातांना त्याचंच रक्त. "उघड," म्हणाला.

मी पदराचा काठ फाडला, मास्तरांच्या हाताला दंडापाशी करकचून आवळला. ते भिंतीला टेकले, डोळे मिटले. बाबा विमानाच्या पोटाखाली सरकून, पाठ पत्र्याला लावून बसले. मी छिन्नी घेतली.

पहिल्या ठिगळाच्या आठ रिबिटींची डोकी उडवली. ठिगळ निघालं. खाली भोक होतं, त्याची कडा मी ठोकून सपाट केलेली.

"ही तर सरळ हाय," पिसाळ म्हणाला.

"नख लाव. इथं, कडा मुडपली होती तिथं. बारीक तडा लागतोय का?"

त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं. "लागतोय."

"पत्रा ज्या अंगाला वाकतो, त्याच्या उलट अंगाला ताणला जातो आणि तडकतो. खालून गोळी आली असती तर कडा वर आली असती, आणि तडा आतल्या बाजूला असता. हा बाहेर आहे. घाव वरून आला."

तो बराच वेळ नख फिरवत राहिला. तोफखान्यातला माणूस, त्याला लोखंड कळत होतं. पण विश्वास ठेवायची सवय गेली होती.

"दुसरं," तो म्हणाला.

मी दुसरं उघडलं. तडा बाहेर. तिसरं. प्रत्येक भोक उघडलं की गोल टोकाचा लोखंडी टोच्या लावायचा आणि सपाट कडा घावानं पुन्हा आत ढकलायची, होती तशी. जे चार दिवस मायेनं निजवलं ते मीच मारून उठवत होते. हात लयीला लागला की मनात आईची ओवी येते, तशी आली:

*पहिला माझा घाव, ऐरणीच्या माथी*
*घागर घडली बाई, घाव तिच्या पोटी*

चौथं. पाचवं. पिसाळानं कोयता खाली ठेवला, मला छिन्नी देऊ लागला, ठिगळं उचलून एकावर एक रचू लागला. सातव्याला त्याचे डोळे वाहू लागले. ते त्यानं पुसले नाहीत. नवव्या भोकाची कडा आत गेली तेव्हा पश्चिमेचा उजेड शेडमध्ये आला होता. पाठीवर, पंखावर नऊ काळी तोंडं उघडी पडली होती.

"नऊ," तो म्हणाला.

"नऊ."

"आन् खाली?"

मी वळले.

"मी गन चालवली हुती, पोरी," तो म्हणाला. आता त्याचा आवाज एखाद्या बाईमाणसाशी बोलावा तसा मऊ होता. "चालवली न्हाई असं मी कवाच म्हनलो न्हाई. धुरात इमान दिसलं, बोट दाबलं. चाळीसेक गोळ्या गेल्या असतील. लागली का न्हाई, ते मला ठावं न्हाई. झोपंत बी हेच इचारतो मी. माझ्या गोळ्या कुठं गेल्या?"

आणि तो विमानाखाली वाकू लागला.

बाबा पोटाखाली बसले होते, मघापासून तसेच. पाठ पत्र्याला घट्ट लावलेली. फुटकं तोंड, सुजलेला डोळा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या एका डोळ्यात काय होतं, ते क्षणभर मला कळेना. आणि मग माझी नजर रिबिटींच्या डब्यावर गेली.

डबा रिकामा होता. एका ठिगळाला आठ रिबिटी. नऊ ठिगळं, बहात्तर. आणि मी तारेतून कापल्या होत्या अठ्ठ्याऐंशी. रिबीट मोजूनच कापायची, ही बाबांचीच शिस्त. विमान घोड्यांवर चढलं त्या पहिल्या संध्याकाळी ते एकटेच त्याच्या पोटाखाली शिरले होते; म्हणाले होते, तू पाठ बघ, खालचं माझं. सोळा रिबिटी. दोन ठिगळं.

मास्तरांनी खालची बाजू कधी बघितलीच नव्हती. दिवाळीपासून विमान पोटावर निजलेलं होतं.

"खाली काही नाही," बाबा म्हणाले. फुटक्या ओठांतून शब्द चघळल्यासारखे आले. "खाली पोचे होते. पोचे काढले."

पिसाळ अर्धा वाकलेला थांबला. बाबांकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे.

"पोरी, तू सांग."

माझ्या हातात छिन्नी होती. समोर भिंतीला टेकून मास्तरांनी डोळे उघडले होते. फरशीवर बाबांचा दात होता, मास्तरांचं रक्त होतं, कोयता होता. ह्या माणसाच्या मानेवर माझ्या दातांची खूण होती. मी एक शब्द बोलले असते, तर त्यानं तो कोयता उचलला असता. आणि तो मास्तरांवर नाही, स्वतःवरच चालवला असता, हे मला लख्ख दिसत होतं.

"पोचे होते," मी म्हणाले.

तो हळूहळू सरळ झाला. बाबांना हात देऊन उठवायला गेला, तर बाबा म्हणाले, "बसू द्या जरा. बरगडी दुखतीय."

सकाळी सबनीससाहेबांची आई आली. सत्तरीची, ताठ, पांढरं लुगडं. मास्तरांचे दोन्ही हात गळ्यात बांधलेले, बाबांच्या तोंडावर फडकं. लोकांना वाटलं, विमान चढवताना साखळी तुटली. आम्हीही तेच सांगितलं. माउलीनं एकेका भोकात बोट घातलं. नऊच्या नऊ. माझ्या ताज्या कडा धारदार होत्या. पाचव्या भोकाला तिच्या बोटाला रक्त आलं, ते तिनं तोंडात घातलं आणि पुढचं भोक शोधलं.

मास्तर सगळ्यांसमोर बोलले. मी खोटी साक्ष दिली म्हणाले. पिसाळ मागं, खांबाआड उभा होता. बायकोला घेऊन आला होता. तिच्या डोक्यावर पदर होता आणि ती भावाकडे बघत नव्हती.

म्हातारी गर्दीतून वाट काढत पिसाळापाशी गेली.

"पंधरा वर्षं मी तुम्हाला रोज दिवेलागणीला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "सवय मोडायला वेळ लागेल मला."

पिसाळ खाली बघत म्हणाला, "द्या की, आई. आनखी थोडं दिस द्या."

पुण्याच्या एसटीत बाबा खिडकीपाशी बसले. मी खंबाटकीचा घाट ओलांडू दिला. मग विचारलं, "खालची भोकं कसली होती?"

"लहान. करंगळीएवढी. कडा वर गेलेल्या." त्यांनी खिडकीबाहेर रक्ताची थुंकी टाकली.

"मग साहेब नक्की कशानं..."

"ते पत्र्याला कसं ठाऊक असणार, कुंदे?"

त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. बाबा गेले तेव्हाही नाही.

पाच वर्षांनी मी संग्रहालयात गेले. फलटणला एका देवळाच्या कळसाचं काम होतं, येताना वाट वाकडी केली. विमानापाशी पिसाळ होता, अंगात खाकी, कमरेला किल्ल्या. तोच तिथला राखणदार झाला होता. मास्तरांनीच चिकटवलं होतं. एका शाळेच्या बाई मुली घेऊन आल्या होत्या आणि तो नऊ भोकं दाखवत होता. ही बघा, कडा आत. गोळी वरनं आली. त्या बाई वाकून खाली बघायला गेल्या, तसा तो झटकन आडवा आला.

"खाली नगा जाऊ, बाई. तितं तांबटाचं काम हाय. नाजूक असतंय."

त्यानं वर बघितलं आणि मी दिसले. ओळखलं. मानेवर हात गेला त्याचा, आपोआप, आणि हसला.

मुली गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. त्यानं चहा मागवला. तानीबाई बऱ्या आहेत म्हणाला, भावाकडं दिवाळीला जाऊन आल्या. पोरीचं लग्न झालं, औंदा नातू झाला. मी म्हणाले, छान झालं. चहा आला. त्यानं बादलीतून फडकं काढलं, पिळलं.

"पयल्याच महिन्यात कळलं मला," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "पुसताना. डोळ्याला काय दिसत न्हाई, लई सफाई हाय तुमच्या बाबांच्या हातात. पर बोटाला लागतंय. दोन जागी."

हातातला चहा मी फरशीवर ठेवला.

"त्या दिशी कळलं असतं तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "कळलं तवा घरात पोरीला बघायला पाव्हणं येऊन बसलं हुतं. चहा ठिवला हुता. मग न्हाई काय केलं."

"कुणाला बोललात?"

"न्हाई. तानीला बी न्हाई." तो फरशीवर बसला, मग पाठीवर निजला आणि विमानाच्या पोटाखाली सरकला. बाहेर त्याचे पाय तेवढे राहिले, टाचांना भेगा पडलेले. आतून आवाज आला, "म्हातारीचं पत्र येतं संक्रांतीला. तिळगूळ घ्या लिवती. ते वाचलं की मी हितं येतो."

मी उभी राहून त्या पायांकडे बघत होते. ते हलत नव्हते. ओल्या फडक्याचा आवाज तेवढा येत होता, एकाच जागी, गोल गोल, न थांबता.